ताडपत्रीवरचा पॉलक

आमच्या मागीलदारी पावसाळ्याची लाकडं रचलेली आहेत, त्यांच्यावर जी निळी ताडपत्री घातलीय तिच्यावर काळ्या आणि पांढऱ्या ऑइल पेंटचे ओघळ आहेत, ठिपके आहेत आणि एक बशीएवढा डाग आहे. येणारा जाणारा विचारतो, रंग सांडला काय गो? सुरुवातीला मी सगळं समजावून सांगायचे, आता नुसतं हो म्हणते. पण इथे सांगते, कारण इथे कोणी घाईत नाही.

माझा भाचा पणजीच्या आल्तिनोला आर्ट कॉलेजात शिकतो. गेल्या नोव्हेंबरात त्याला एका चित्रावर लिहून द्यायचं होतं आणि ते इंग्रजी तपासायला तो माझ्याकडे आला, कारण घरात स्पेलिंगच्या बाबतीत माझं नाव आहे. मी पतसंस्थेत हिशेब बघते. कलेशी माझा संबंध म्हणजे चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, सामान जमवायचं आणि ते सुतळीने बांधताना आईच्या शिव्या खायच्या, एवढाच. तर त्याने चार पानं दिली आणि सोबत चित्राचा ए-फोर प्रिंट. चित्र अमेरिकन चित्रकार जॅक्सन पॉलकचं, ऑटम रिदम, म्हणजे शरदाची लय वगैरे, १९५० सालचं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये असतं.

चार पानांत 'ऊर्जा' हा शब्द अकरा वेळा आला होता. मी मोजले. 'अवचेतन' सहा वेळा. आणि प्रिंटकडे बघितलं तर मला खरं सांगू का, माळ्यावर पडलेली कोळ्याची जाळी दिसली. बदामी कापड, त्यावर काळ्या तारा, पांढऱ्या तारा, थोडा तपकिरी, कुठेकुठे निळसर राखाडी. म्हटलं बाबू, हे काय आहे? तो म्हणाला मावशी, हे कशाचंच चित्र नाही, तोच तर मुद्दा आहे. मग मी म्हटलं, कशाचंच नाही तर चार पानं कशाला लिहिलीस, एक ओळ पुरली असती. तो रुसला. आजकालची मुलं लगेच रुसतात, पण त्या दिवशी चूक माझी होती.

तो गेला, पानं ठेवून गेला. स्पेलिंग तपासता तपासता चित्राखालच्या बारीक अक्षरांकडे लक्ष गेलं. आकार : २६६.७ × ५२५.८ सेंमी. मी आधी टायपिंगची चूक समजले. मग शोधून बघितलं तर बरोबर. म्हणजे पावणेनऊ फूट उंच आणि सव्वासतरा फूट लांब. ए-फोर कागद २९.७ सेंमी, म्हणजे मी जे बघत होते ते जवळजवळ अठरा पटीने बारीक केलेलं होतं, कागदावर जी केसाएवढी रेघ ती तिकडे सुतळीएवढी. आमच्या हॉलच्या भिंतीवर ते मावलंच नसतं. हिशेबाच्या माणसाला असली गोष्ट झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस संपून आईने अंगण नुकतंच सारवून घेतलं होतं, तुळशीच्या लग्नाला चारेक दिवस राहिले असतील. मी मेजरिंग टेप आणि रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आले आणि सव्वासतरा बाय पावणेनऊचा चौकोन आखला. आई म्हणाली, इतक्यात कसला माटव घालतेस? मी म्हटलं मांडव नाही, एक चित्र एवढं मोठं आहे. मग आत भरायचं काय? काही नाही गं, नुसता आकार बघायचाय. मग पुसून टाक, जेवायला ये.

पुसला नाही लगेच. बाजूने चालून बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझी दहा पावलं झाली. मग कडेला वाकून उभी राहिले आणि हात लांब केला. माझा हात चौकोनात अडीच फूट जातो, फार ताणला तर तीन. मध्य कडेपासून जवळजवळ साडेचार फुटांवर. म्हणजे पॉलकला मधल्या भागात रंग टाकायचा तर झेपावून टाकायला पाहिजे, फेकायला पाहिजे, नाहीतर चक्क आत पाय ठेवायला पाहिजे. आणि तो तेच करायचा! लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज गावात घरामागच्या लाकडी कोठारात कॅनव्हास जमिनीवर अंथरून चारही बाजूंनी फिरत काम करायचा, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की जमिनीवर मला जास्त मोकळं वाटतं, चित्राच्या भोवती फिरता येतं, अक्षरशः चित्रात असता येतं. लहानपणी पश्चिम अमेरिकेत वाढलेला माणूस, तिथले आदिवासी जमिनीवर रंगीत वाळूची चित्रं काढतात त्यांचा उल्लेखही त्याने केलाय. हे वाक्य भाच्याच्या पानांत होतं, मी त्यात इंग्रजी 'the' गाळलाय एवढंच बघून पुढे गेले होते. अंगणात वाकून उभी राहिल्यावर ते वाक्य कंबरेत कळलं.

आता उत्सुकता चाळवली होती. चतुर्थीआधी घराला रंग काढला तेव्हाचे खिडक्यांच्या ग्रिलचे दोन डबे उरले होते, एक काळा, एक पांढरा. साधा ऑइल पेंट. आणि गंमत बघा, पॉलकने ऑटम रिदम काढलं तेही असल्याच घरकामाच्या चकचकीत एनॅमलने, कारण ट्यूबमधला आर्टिस्टचा रंग घट्ट, तो असा धारेने सुटत नाही. ब्रश तो कॅनव्हासला टेकवतच नसे, काड्या वापरायचा, वाळून कडक झालेले ब्रश वापरायचा, स्वयंपाकघरातली रस सोडायची पिचकारीसुद्धा. वाळलेला ब्रश तर आमच्याकडे होताच, पेंटरने थिनरमध्ये न ठेवता तसाच टाकून दिलेला, दगड झाला होता.

ताडपत्री अंथरली. काळ्या डब्यात थोडा टर्पेंटाइन घालून ढवळला, ब्रश बुडवला आणि एक झोकदार रेघ ओढायला गेले.

रेघ नाही आली. आधी काही पडलंच नाही, मग एकदम पडलं ते एक मोठं थेंबाडं, त्यानंतर धार सुटली पण ती सरळ पडेना, खाली गोल गोल वेटोळी घालायला लागली. घावनावर काकवी ओतताना हात वर नेला की ती कशी दोरीसारखी गुंडाळी होऊन पडते, तशी. मी थांबून बघायला लागले तर तिथे बशीएवढा डाग झाला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा वेटोळं. टर्पेंटाइन जास्त घातला तर नुसतं पाणी, शिंतोडे उडाले ते थेट तुळशीच्या कट्ट्यावर.

आई दारात उभी राहून सगळं बघत होती. ती रोज सकाळी अंगणात सडा घालते, सत्तर वर्षांची आहे, बादलीतून ओंजळ उचलते आणि हात असा कंबरेपासून फिरवते की शेणपाण्याची अर्धगोल चादर पडते, कुठे डबकं नाही, कुठे कोरडं नाही, उंबऱ्याच्या पायरीवर एक थेंब नाही. हे मी जन्मापासून बघतेय आणि त्याला कधी काही म्हणावंसं वाटलं नव्हतं. ती म्हणाली, मध्येच थांबतेस कशाला? हात थांबला की डबकं होणारच. आणि कट्टा तू पुसायचास, रॉकेल लावून.

हात न थांबवता, थोडा खालून आणि भराभर केलं तर खरंच वेटोळं कमी झालं. सगळं नाही.

नंतर वाचताना कळलं की यावर रीतसर संशोधन झालंय. २०१९ साली ब्राऊन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी पॉलकच्या कामाचं जुनं चित्रण बघून त्याच्या हाताचा वेग आणि उंची मोजली, मग यंत्राने रंगाची धार सोडून बघितली. घट्ट द्रवाची धार हळू हलवली किंवा फार उंचावरून सोडली की गुंडाळते, हा त्या द्रवाचा स्वभावच आहे. पॉलकचा हात बरोबर त्या वेगात आणि त्या उंचीवर चालायचा जिथे धार गुंडाळत नाही. म्हणून त्याच्या रेघा लांब, सलग, बिनवेटोळ्याच्या. फेकला आणि पडला असं काही नव्हतं. तो म्हणालाच होता, रंगाची धार माझ्या ताब्यात असते, इथे अपघात नाही. १९५० मध्ये टाइम मासिकाने त्याच्या कामाला 'केऑस' म्हणजे बेबंद गोंधळ म्हणणारं काहीतरी छापलं तर या गड्याने त्यांना तारच ठोकली, नो केऑस, डॅम इट. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे त्या काळात डॅम इट साठी जादा पैसे मोजणारा माणूस मला तिथेच आवडला.

माझ्या ताडपत्रीचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. शेजारचे एक काका, जे आमच्या फॅमिलीत नाहीत पण ग्रुपवर आहेत, त्यांनी लिहिलं, दोन पेग फेणी मार, मग जमेल, तोही तसाच काढत असणार. आता पॉलक दारू प्यायचा, भयंकर प्यायचा, हे खरंच आहे. पण ऑटम रिदम ज्या काळातलं आहे, साधारण १९४८ ते १९५० च्या शेवटापर्यंत, त्या दोन वर्षांत त्याने दारू सोडलेली होती, गावातल्या एका डॉक्टरच्या मदतीने. त्याची मोठमोठी, नावाजलेली बरीचशी चित्रं याच कोरड्या दिवसांतली. १९५० च्या उन्हाळ्यात हान्स नॅमुथ नावाचा फोटोग्राफर त्याचे काम करतानाचे फोटो काढायला यायला लागला, मग सिनेमाही केला, नोव्हेंबरात थंडीत शूटिंग संपलं त्या संध्याकाळी घरात येऊन पॉलकने पुन्हा ग्लास भरला. त्यानंतर घसरतच गेला. ११ ऑगस्ट १९५६ ला पिऊन गाडी चालवताना झाडावर आदळला, वय ४४, गाडीतली एक तरुण मुलगीही त्याच्यासोबत गेली, आणि या दुसऱ्या मरणाबद्दल कलेच्या पुस्तकांत घाईघाईने एक ओळ असते ते मला पटत नाही. असो. काकांना मी एवढंच लिहिलं की हे चित्र पाणी पिऊन काढलंय. त्यांनी अंगठा पाठवला.

तर मुद्द्यावर येते. हात पाय रंगवून झाल्यावर मी तो प्रिंट परत घेतला, या वेळी मोबाईलवर म्युझियमच्या वेबसाइटवरचा मोठा फोटो उघडून, दोन बोटांनी मोठा करून. आणि आता त्यात काय आहे हे शोधायचं डोक्यातच आलं नाही. मी रेघ धरली. ही बघा इथे जाड आहे म्हणजे हात इथे मंदावला, इथे बारीक होत गेली म्हणजे काडीवरचा रंग संपत आला, इथे शेपटी सुटली म्हणजे मनगटाने झटका दिला. इथे धार आडवी गेलीय ती एवढी लांब की ती काही मनगटाची नाही, खांद्याची पण नाही, हा माणूस चालत होता. अंगणातला चौकोन आठवला आणि तो नेमका कुठे उभा असेल ते कळायला लागलं. मग सगळ्यात खाली काय आणि वर काय. काळा पहिला, तो सगळ्याचा सांगाडा, पातळ केलेला. कापडाला त्याने अस्तर लावलेलं नव्हतं, कोरं सुती कापड, म्हणून हा काळा त्याच्यात शिरलाय, शाई टीपकागदात शिरते तसा. माझ्या ताडपत्रीत काहीच शिरलं नव्हतं, प्लास्टिक ते, सगळा रंग वरवर, आता पापुद्रे सुटतायत. मग मी जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून बघितलं तर कडा पिसासारख्या पसरल्या आणि मला अगदी हर्ष झाला, हे बघ हे त्याच्यासारखं झालं, पण आईने ती चादर ओळखली.

काळ्यावर मग तपकिरी, निळसर, आणि पांढरा वरून झपाझप. पण पांढरा सगळ्यात वर असं म्हणेपर्यंत कुठेतरी काळा त्याच्यावरून गेलेला दिसतो. जाळं खरं त्यामुळे होतं, खाली-वर, खाली-वर. आणि कडेला बघा. बहुतेक रेघा कडेपर्यंत येतात आणि परत वळतात, बाहेर धावत सुटत नाहीत, आईच्या सड्याला उंबऱ्याची पायरी असते तशी. कोपऱ्यांत कापड तसंच कोरं सोडलंय. मला ती कोरी जागा सगळ्यात जास्त आवडते.

मला एक गोष्ट खटकायची ती म्हणजे बघायचं कुठे? चित्राला मध्य नाही. मग लक्षात आलं, माटोळीला तरी कुठे असतो? गणपती खाली, तो वेगळा, पण वर डोक्यावर ती चौकट टांगलेली असते, सुपारीचे घड, नारळाची पेंड, तोरिंजन, कांगलां, घागऱ्यो, काकडी, आंब्याचे टाळे, रानातून आणलेलं शंभर तऱ्हेचं, तिथे कोणी विचारत नाही की मेन काय आहे. डोळा एका फळावरून दुसऱ्यावर जातो आणि सगळं मिळून एक दिसतं. बांधणाऱ्याला मात्र माहीत असतं, इकडे जड झालं तर तिकडे एक नारळ वाढव. पॉलकचं तसंच असणार, या कोपऱ्यात काळं फार झालं, तिकडून पांढरं आण. भाच्याच्या पानात यालाच 'ऑल-ओव्हर कंपोझिशन' लिहिलं होतं. त्याला म्हटलं माटोळी लिही ना, तो म्हणाला मावशी सर हसतील. हसू देत की.

नावाचीही एक भानगड आहे. हे चित्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हा नुसतं नंबर ३०, १९५० असं होतं. त्याची बायको ली क्रॅस्नर, स्वतः उत्तम चित्रकार (आणि नवऱ्याच्या सावलीत किती वर्षं काढली बिचारीने), ती म्हणाली होती की नंबर तटस्थ असतात, लोक चित्राकडे चित्र म्हणून बघतात. ऑटम रिदम हे नंतर चिकटलं. आणि एकदा चिकटलं की झालं, आता सगळ्यांना त्याच्यात पानगळ दिसते. मला सांगा गोव्यातल्या माणसाने यातून काय घ्यायचं, आमच्याकडे ऑक्टोबरात पानं गळत नाहीत, घामाच्या धारा गळतात. पण दिवाळीनंतर कातळसड्यावरचं गवत वाळतं तेव्हा त्याचा जो रंग होतो, बदामी, त्यात काळ्या दगडाची टोकं, तो रंग आणि या कोऱ्या कापडाचा रंग एकच आहे. हे लिहिलं आणि लक्षात आलं की मीही शेवटी त्यात काहीतरी शोधलंच. नंबरच बरा.

या सगळ्या चित्रकार मंडळींना, पॉलक, रॉथको, डी कूनिंग, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट एक्सप्रेशनिस्ट म्हणतात, दुसऱ्या महायुद्धानंतरचं न्यूयॉर्क, आणि १९५२ मध्ये हॅरल्ड रोझेनबर्ग नावाच्या समीक्षकाने 'अ‍ॅक्शन पेंटिंग', म्हणजे रंगवण्याची क्रिया हीच महत्त्वाची, असा शब्द काढला. भाच्याने शेवटी फ्रॅक्टलवर एक परिच्छेद टाकला होता, की १९९९ मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने या चित्रांत निसर्गातल्या सारखी फ्रॅक्टल रचना, म्हणजे छोट्या तुकड्यातही मोठ्यासारखीच नक्षी, आहे असं मोजून दाखवलं. मी बघितलं तर २००६ मध्ये दुसऱ्यांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केलाय. आमच्याकडे ज्या एंट्रीवर दोन ऑडिटर भांडतात ती मी पेन्सिलीने लिहून ठेवते. त्याला म्हटलं हेही पेन्सिलीने लिही.

कोणी म्हणेल हे सगळं परक्यांचं, आपल्याला काय त्याचं. तर चित्रकार वासुदेव गायतोंडे, मूळ आमच्याच बार्देशातल्या उसकईचं घराणं, जन्म नागपूरचा १९२४ चा, मुंबईत जेजेला शिकलेले, १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्यांना कोणी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हटलेलं खपायचं नाही, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारा, म्हणायचे स्वतःला. रोलरने आणि नाइफने रंग चढवायचे, खरवडायचे, अगदी सावकाश, वर्षाला पाच-सहा चित्रं. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पॉलकच्या बरोब्बर उलटा माणूस, पॉलकच्या चित्रासमोर मला चालावंसं वाटतं आणि गायतोंडेंच्या समोर बसावंसं. दोघांत कोण आवडतं विचाराल तर ज्या दिवशी पतसंस्थेत मार्च एंडिंग असतं त्या दिवशी गायतोंडे.

पॉलकचं स्प्रिंग्जचं ते कोठार अजून आहे, म्युझियम केलंय, जमिनीवर त्याच्या चित्रांच्या कडेबाहेर उडालेले रंग तसेच आहेत आणि आत जाताना बूट काढून ठेवावे लागतात. आईला हे सांगितल्यावर तिला पहिल्यांदा त्या माणसाबद्दल बरं वाटलं.

आणि ऑटम रिदम विकलं गेलं ते तो मेल्यावर पुढच्या वर्षी, १९५७, मेट्रोपोलिटनने ३० हजार डॉलरला घेतलं.

मी काही तिकडे गेलेली नाही, जाईन असं वाटतही नाही. पण माझ्या चुलतभावाचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याच्या मागे लागून लागून त्याला मे महिन्यात म्युझियममध्ये पाठवला. म्हटलं फोटो नको, फोटो माझ्याकडे आहेत, तू फक्त चित्राच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चाल आणि मोबाईल चालू ठेव, आणि पावलं मोज. त्याला वाटलं आत्या वेडी झाली. पण पाठवला व्हिडिओ, अर्ध्या मिनिटाचाही नाही, हललेला, बाजूला कुणाचं तरी मूल रडतंय, आणि पांढऱ्या-काळ्या रेघा उजवीकडून येतायत, येतायत, येतच राहतायत, मध्ये एक बाई सेल्फी काढत उभी होती तिला वळसा घालून पुढे. शेवटी त्याचा आवाज, आठ.

माझी अंगणात दहा झाली होती. तो उंच आहे.